सवण्याखालची बाज

१

घरी आलेल्या माणसाला तुम्ही कधी दुसऱ्यांदा विचारलंय का, की बाबा रे, तू आलास का?

नसेल विचारलं. कोण विचारतं? माणूस दारात दिसला, पायावर पाणी घेतलं, बाजेवर टेकला, की तो आला. पण जळकोटच्या फरिदाबीवर हे विचारायची पाळी आली. तीही भर दुपारी, आणि तीही पोटच्या पोराला.

फरिदाबीचं घर सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून होतं. तिचा नवरा निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई होता. राज्य गेलं तसा नाका गेला, नाक्यामागून नोकरी गेली आणि नोकरीमागून तोही गेला. थोरल्या जलीलनं रस्त्याच्या कडेला ट्रकांचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. धाकटा जैनोद्दीन मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाच्या आधारानं कुवेतला गेला. तिथं बंदरावर जहाजातला माल उतरवायचं काम होतं.

एके दिवशी क्रेनवरून लोखंडी नळ सुटले आणि जैनोद्दीनच्या कमरेखालच्या अंगावर पडले.

तिथल्या डॉक्टरांनी पायाला पट्ट्या-फळ्या बांधल्या आणि पुढचा इलाज आपल्या मुलखात करा म्हणून सांगितलं. विमानातल्या खुर्च्या काढून तिथं स्ट्रेचर बांधलं आणि त्याला मुंबईला पाठवलं. जलील तिथून त्याला रेल्वेनं सोलापूरला घेऊन आला. सोलापूरच्या डॉक्टरनं पाय बघितला. म्हणाला, ताप उतरू द्या, सूज ओसरू द्या, पुढच्या आठवड्यात आणा, मग चिरून हाड बसवू. त्यापुढं उशीर केलात तर पाय जाईल, आणि पायापाठोपाठ माणूस.

तेवढ्या दिवसांसाठी जैनोद्दीन घरी आला होता.

"आपल्या जळकोटातनं विमानात बसलेला पयला माणूस," जलील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "अन् त्योबी झोपून!"

लोक हसायचे. जलीलही हसायचा, आणि मग दुकानाच्या मागं जाऊन उगाच टायरला हात लावत उभा राहायचा.

२

जैनोद्दीन आला त्या दिवशी फरिदाबीला घरात बसवेना. ती डोक्यावरून पदर घेऊन गावाबाहेरच्या दर्ग्यापर्यंत चालत गेली. वैशाखाचं ऊन होतं. सोलापूरची भाड्याची मोटार दिसली तशी ती रस्त्यातच हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि शिवी तोंडातच गिळली.

मागच्या सीटवर जैनोद्दीन आडवा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. उजव्या दंडावर हिरव्या कापडाची पट्टी तशीच होती. तो कुवेतला निघाला त्या दिवशी फरिदाबीनंच ती बांधली होती. आत एक नाणं. परगावी जाणाऱ्याच्या दंडाला इमाम जामीन बांधतात, ते हेच. वाटेवर त्याचा भार इमामांवर. माणूस सुखरूप पोचला की पट्टी सोडायची आणि नाणं गरिबाला देऊन टाकायचं.

"तिथं गेल्यावर सोडलं न्हाईस?" ती म्हणाली.

"तिथं पोचलो असं कधी वाटलंच न्हाय, अम्मी."

फरिदाबीचा जीव असा भरून आला की तिला पुढचं सुचलंच नाही. दर्ग्याच्या ओट्यावर एक फकीर बसला होता. पोरगा डोळ्यांपुढं होता, श्वास घेत होता, अम्मी म्हणत होता. आणखी काय पोचायचं राहिलं? तिनं खिडकीतून हात घातला आणि गाठ सोडायला घेतली.

जैनोद्दीननं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसता हात ठेवला; धरायची ताकद कुठं होती? "आत्ता नको, अम्मी. पोचू दे मला."

"आता काय राहिलं रे? ते बघ घर. घर काय पळून चाललंय?"

तिनं गाठ सोडली. नाणं फकिराच्या वाडग्यात टाकलं. फकिरानं दुवा दिली, झोळी उचलली आणि हैदराबादकडं निघालेल्या ट्रकला हात केला. ट्रक थांबला, त्याला घेऊन गेला. जामीन सुटला. घर अजून पुढं होतं.

३

जैनोद्दीनची बाज आतल्या खोलीत टाकली होती. घर माळवदाचं. उजेडासाठी माळवदाला भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. ते बरोबर त्याच्या बाजेवर होतं. दुपारी सवण्यातून उन्हाचा गोल खाली पडायचा आणि हळूहळू भिंतीकडं सरकायचा. एका अंगाला गजांची खिडकी. खिडकीतून शेजारच्या कस्तुराबाईचा गोठा आणि त्यामागची चिंच दिसायची.

फरिदाबी सकाळी उठून कोंबड्या सोडायची, पाणी भरायची, पोराचं तोंड पुसायची, त्याला दूध-भाकरीचा काला भरवायची. मग हॉटेलातून आणलेला काचेचा गिलास पाण्यानं भरून उशाच्या स्टुलावर ठेवायची.

आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारची गोष्ट. गिलास ठेवून ती वळली आणि वळता वळता थांबली. गिलासातलं पाणी तिरकं होतं.

म्हणजे गिलास सरळ उभा होता. स्टूलही सरळ होतं. पण पाणी एका कडेला वर चढलेलं होतं आणि दुसऱ्या कडेला खाली गेलेलं. हलत नव्हतं. मोटारीनं वळण घेतलं की आतल्या माणसाचं अंग जसं कलतं, तसं ते कललं होतं आणि तसंच राहिलं होतं.

जमीनच उतरती असेल, ती मनाशी म्हणाली. शेणानं सारवलेली जमीन, कुठं उंच, कुठं खोल. तिनं चुलीपासचा कांदा आणून जमिनीवर ठेवला. कांदा जागचा हलला नाही. मग डोळे. डोळे तर गेलेच होते, सुईत दोरा ओवायला गुलबानो लागायची. गुलबानो म्हणजे जलीलची बायको. तिला हाक मारावी असं फरिदाबीला वाटलं, पण काय सांगून मारायची?

तिनं गिलास उचलला आणि उंबऱ्याबाहेर नेला. बाहेर पाणी सरळ झालं.

पुन्हा आत आणला.

"अम्मी," डोळे मिटूनच जैनोद्दीन म्हणाला, "कान बसलेत माझे. वळतंय वाटतं."

"काय वळतंय, बेटा?"

तो झोपला होता. किंवा झोपल्यासारखा होता. तेव्हा तिनं विचारलं, हळूच, स्वतःलाही ऐकू जाऊ नये असं. "जैनू, तू आलास ना रे?"

 गिलासातलं पाणी सावकाश दुसऱ्या अंगाला कललं.

४

कस्तुराबाई ताकाचा तांब्या घेऊन आली. दोघींची ओळख जुनी. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत कस्तुराबाईनं फरिदाबीला आणि दोन्ही पोरांना कडब्याच्या गंजीमागं दडवलं होतं. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून एकीच्या घरातलं ताक दुसरीच्या घरात न विचारता यायचं.

खोलीत पाऊल टाकलं तशी कस्तुराबाईनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

"आगं बया! हितं तर माघाचं हीव पडलंय. भायेर कावळ्याची जीभ लोंबतीया, आन तुमच्या घरात हीव? काय बर्फ पुरून ठिवलाय का काय, भाभी?"

"तुला बी लागतंय?" फरिदाबीनं पटकन विचारलं.

"लागतंय म्हंजी? माजी दाढ कळवळली की!" ती बाजेशी वाकली. "काय रं जैनू, तिकडनं थंडी बांधून आनलीस व्हय? आमाला खजूर आनायचा सोडून?"

जैनोद्दीन हसला. खरंच हसला. "पुढच्या टायमाला आणतो, कस्तुरामावशी. आधी खाली तर येऊ दे मला."

"खाली? आता याच्या खाली कुठं जातूस? बाज मोडून?" कस्तुराबाई हसली आणि हसता हसता बाजेच्या कडेच्या लाकडावर हात टेकून सरळ व्हायला गेली. तिनं हात झटक्यानं काढून घेतला, जसा काही विंचू डसला.

कस्तुराबाई बाहेर आली. ताकाचा रिकामा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली.

"भाभी, त्या लाकडात घरघर हाय."

"रस्त्यावरनं ट्रक जात्यात सारखे."

"ट्रक येतो आन जातो. ह्ये जाईना."

फरिदाबीनंही ते ऐकलं होतं. बाजेला कान लावला की दूरवर कुठंतरी दाण्याची चक्की चालावी तसा आवाज यायचा, एकसारखा, न थांबणारा. जलीलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, ताप अंगात भिनला की कानात तसं होतं. पण ताप जैनोद्दीनला होता. फरिदाबीला नव्हता.

मग तिनं कस्तुराबाईला जामिनाचं सांगितलं. दर्ग्यापाशीच घाईघाईनं सोडला, घरी यायच्या आधी, आणि तो नको म्हणत असताना.

"मग दुसरा बांधा की," कस्तुराबाई म्हणाली. "कापड न्हाय व्हय घरात?"

"कापड हाय. पण जामीन निघताना बांधत्यात, कस्तुरा. ह्यो आता निघालाय का येतोय?"

 फरिदाबी हिरवं कापड मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिली. बांधावं तर आपणच त्याला घरातून बाहेर काढल्यासारखं होईल. न बांधावं तर तो वाटेत उघडा. शेवटी गुलबानोनं भाकरी थापायला जागा पाहिजे म्हणून ते कापड उचललं आणि खुंटीवर टाकलं.

५

त्याला सोलापूरला न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात फरिदाबी एकटी होती. गुलबानो धुणं घेऊन विहिरीवर गेली होती, जलील दुकानात. रस्ताही उन्हानं सुन्न पडला होता.

ती पोराच्या उशाशी बसून वारा घालत होती. खरं तर वाऱ्याची गरज नव्हती. तिच्याच बोटांना गारठा चढला होता. पण आजाऱ्याजवळ बसायचं तर हाताला काहीतरी काम हवं.

सवण्यातून उन्हाचा गोल त्याच्या छातीवर पडला होता. रोज तो संध्याकाळपर्यंत भिंतीला पोचायचा. आत्ता तो हलला. छातीवरून खांद्यावर गेला, खांद्यावरून उशीवर, तिथून भिंतीवर चढला, खिडकीपाशी क्षणभर थांबला आणि परत आला. जसं कुणी सगळं घरच उचलून वळवून ठेवलं.

ढग आला असेल, फरिदाबी म्हणाली. पण ढगानं ऊन जातं. फिरत नाही.

"अम्मी, खिडकीतनं बघ," जैनोद्दीन म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते आणि आवाज अगदी स्वच्छ होता, लहानपणी शाळेतून आल्यावर असायचा तसा. "मला उठता येत न्हाय. तू बघ. आपलं गाव आलंय का?"

बघू नये, असं तिला वाटलं. पण पोरानं सांगितलं होतं. ती उठली आणि गजाला धरून उभी राहिली. गज ओले होते.

गोठा नव्हता. चिंच नव्हती. खिडकीच्या खाली काहीच नव्हतं, नुसता पांढरा धूर पळत होता. मग धूर फाटला. खाली, फार खाली, उन्हानं करपलेली तांबडी-काळी जमीन होती, आणि तिच्यावर सुतळी टाकावी तसा रस्ता. रस्त्याच्या कडेला मोहरीएवढी झाडं. झाडांजवळ एक मातीचं माळवद, माळवदाला मधोमध एक काळा ठिपका. अंगणात दोरीवर काहीतरी लाल वाळत होतं. गुलबानोची ओढणी. सकाळी फरिदाबीनंच ती टाकली होती.

माळवद खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजाकडं सरकत होतं.

"आलं!" ती ओरडली. "जैनू, हेच! हेच आपलं घर! सांग त्यांना, इथं थांबवा म्हणावं!"

"सांगतोय, अम्मी," पाठीमागून तो म्हणाला. "थांबवत न्हाईत."

ती मागं वळली. त्याचे दोन्ही हात बाजेची कडेची लाकडं धरून होते, बोटं पांढरी पडली होती. पुन्हा खिडकीकडं वळली तर गोठा होता, चिंच होती, कस्तुराबाईची म्हैस रवंथ करत होती.

दोरीवरची ओढणीही होती. वारा नसताना ती हलत होती.

६

संध्याकाळी जलील हातावरचं काळं पुसत आला. फरिदाबीनं त्याला आत येऊ दिलं नाही, ओट्यावरच धरलं.

"उद्या नगं नेऊस त्याला."

"अम्मी, काय बोलताय तुमी? डागदरानं उद्याची तारीख दिलीय."

"एक दिस थांब. लई मागत न्हाय मी. एकच दिस."

"कशाला?"

काय सांगायचं? तिनं गिलासाचं सांगितलं, कारण बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं. जलीलनं ऐकून घेतलं. तो वाईट मुलगा नव्हता. आत गेला, गिलास बघितला, बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो बोलला ते वेगळंच.

"त्याच्या पायाला वास सुटलाय. तुमाला येत न्हाय?"

येत होता. दोन दिवसांपासून येत होता. लोबानाचा धूर करून तिनं तो झाकला होता.

"काळं गुडघ्याच्या वर चढाय लागलंय," जलील म्हणाला. "अम्मी, गिलासापायी म्या भावाचा पाय घालवू? भाऊ घालवू?"

"तसं न्हाय रे. त्यो अजून वर हाय. त्याला खाली येऊ दे, मग ने. आधी नेलंस, आन मागनं त्यो आला, तर?"

"कुठं वर? बाजेवर हाय की त्यो!"

गुलबानो दारात आली होती. "अम्मी, त्यांचं खरं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "माजं माहेरचं माणूस असंच गेलं. आज न्हेतो, उद्या न्हेतो म्हनता म्हनता."

फरिदाबीनं दोघांकडं बघितलं. दोघंही बरोबर होते. हीच तर अडचण होती. पाय सडत होता आणि डॉक्टर सोलापुरात होता. यात खोटं काहीच नव्हतं. आपण बघितलं ते तरी खरं कशावरून? उन्हाचा तडाखा, जागरण, काळजी. कोणत्याही शहाण्या माणसानं हेच म्हटलं असतं. तीही तेच म्हणाली असती, दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल.

"ने," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि पोराच्या कानाशी वाकून सांगत बसली. बेटा, खाली बघत राहा. रस्ता सोडू नकोस. नळदुर्गाचा किल्ला दिसला की लक्षात घे, मागं गेलास. दर्गा दिसला की समज, आलंच. घराचं दार उघडं आहे. हे ती त्याला सांगत होती की स्वतःला, तिलाच कळत नव्हतं. त्याचे डोळे सवण्याकडं लागले होते आणि ओठ हलत होते, पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. जलीलनं, ड्रायव्हरनं आणि कस्तुराबाईच्या नवऱ्यानं मिळून जैनोद्दीनला उचललं.

"काय हलका झालाय हो," ड्रायव्हर म्हणाला. "आणला तवा असा न्हवता."

फरिदाबीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. गाल गरम होते. नाक, कपाळ, हनुवटीखालचा व्रण, सगळं तिच्या पोराचं होतं. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तिला ओळखलं नाही. तापात असं होतं, जलील म्हणाला. गाडीत तिला जागा नव्हती. ती अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली, गाडी दर्ग्यावरून वळेपर्यंत.

मग ती खोलीत गेली. खोली गरम होती, चारचौघांच्या खोलीसारखी. तिनं वाकळ झाडून घडी घातली, फडकी गोळा केली. बाज बाहेर काढून धुवायला पाहिजे होती. तिनं ती काढली नाही. दार नुसतं लोटून ती अंगणात आली आणि सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली. गुलबानोनं चुलीवर चहा ठेवला.

माळवदावर ठप्पकन काहीतरी टेकल्यासारखं झालं. चिंचेवरचे कावळे उठले. मग आतल्या खोलीत बाजेचं सुंभ करकरलं, लांबून दमून आलेल्या माणसानं अंग टाकावं तसं, आणि कुणीतरी मोठा श्वास सोडला.

गुलबानोच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "अम्मी," ती म्हणाली, "आत कोन हाय?"

फरिदाबीच्या हातातलं सूप थांबलं. आतून तिला जैनूच्या आवाजात हाक आली. आवाज तापातला नव्हता. आनंदाचा होता. पण त्यानं उठायचा प्रयत्न केला असावा, आणि उठायला अंगच सापडलं नसावं, कारण दुसरी हाक तशी नव्हती.

त्या दिवशी सकाळी जैनोद्दीनला सोलापूरला नेलं. गाडी नळदुर्गाच्या अंगाला दिसेनाशी झाली, आणि चुलीवरचा चहा उतू जायच्या बेताला जैनोद्दीन घरी आला.